फोटोच्या वेळी डोकं कोण धरणार?

दातांच्या डॉक्टरकडे कुणी आनंदाने येत नाही, हे मला कॉलेजातच कळलं होतं. पण एकटंही येत नाही, हे कळलं नगरला दवाखाना टाकल्यावर. मुंबईला पेशंट यायचा, बाकावर बसायचा, नंबर आला की आत. इथे त्याच्याबरोबर एक माणूस असायचाच, आणि तो सोबत म्हणून नव्हे, कामगिरीवर आलेला असायचा. डोकं धरायला! मी खुर्ची जरा मागे कलती केली रे केली, की हा गडी पेशंटच्या पाठीमागे उभा. दोन्ही तळव्यांनी कपाळ गच्च आवळायचा आणि मला हुकूम सोडायचा, "हं, उपटा आता!"

पहिल्यांदा मी हसले, मग वैतागले, आणि मग चौकशी केली तेव्हा कारण कळलं. आठवडी बाजारात सतरंजी टाकून दात काढणारे बसत. बधिर करायच्या इंजेक्शनचं नाव नको. पक्कड घालायची आणि ओढायचं. पेशंटने मान हलवली की शेजारचा चांगला दात हातात. म्हणून डोकं धरायला खमक्या माणूस लागायचा. घरात लग्नाला आचारी ठरवावा तसा दात काढायला हा माणूस ठरवलेला असायचा. माझ्याकडे इंजेक्शन आहे, दुखणार नाही, डोकं मोकळं सोडा, असं मी घसा फोडून सांगायची. ते माझ्याकडे बघून मान डोलवायचे आणि पकड आणखी घट्ट करायचे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती. माळीवाड्यात रस्त्यालगत माझ्या दोन खोल्या. दातांची डॉक्टर आणि तीही बाई, म्हणून लोक आधी पाटी वाचायचे, मग मला बघायचे, मग पुन्हा पाटी वाचायचे. त्यातच मी एक्स-रेचं मशीन आणलं. पुण्याच्या एका डॉक्टरांनी नवीन घेतलं, म्हणून त्यांचं जुनं मला मिळालं. गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून आलं. घाटातून येताना त्याला काही झालं तर नसेल, या धास्तीने मी सकाळपासून दारात उभी! जोडून झालं, दिवा लागला, आणि मला आनंदाने जेवण गेलं नाही. घरचे म्हणाले, एखाद्या बाईला पाटल्या केल्यावर होणार नाही एवढा हिला हर्ष झालाय. झालाच होता.

कारण त्या मशीनशिवाय मला हवं ते काम करताच येत नव्हतं. तेव्हा दात दुखला की काढायचा, एवढा एकच उपाय लोकांना माहीत. आतून कुजलेला दातही वाचवता येतो म्हटलं की मला वेड्यात काढायचे. आता ज्याला सगळे सर्रास रूट कॅनल म्हणतात, ते काम असं असतं. दाताच्या मुळात एक बारीक नळी असते आणि नळीत शीर. ती शीर मेली, सडली, की मुळाच्या टोकाशी हाडात पू साठतो आणि माणूस ठणक्याने भिंतीवर डोकं आपटतो. आपण दाताला मागच्या बाजूने भोक पाडायचं, केसाएवढ्या बारीक सुयांनी नळी साफ करायची, औषध ठेवायचं आणि कोरडी झाली की भरून टाकायची. दात जागच्या जागी. पण सुई किती आत जाऊ द्यायची? टोकाच्या अलीकडे थांबली तर घाण आत राहते. पलीकडे गेली तर हाडात घुसते आणि नसलेलं दुखणं उभं करते. आतलं तर डोळ्यांना दिसत नाही. तिथे लागतो फोटो. निदान तीन तरी: कामाआधी एक, सुई आत असताना एक, नळी भरल्यावर एक.

फिल्म पोस्टाच्या तिकिटाहून जराशी मोठी, काळ्या कागदात बंद. ती दाताच्या मागे टाळूशी टेकवायची, बाहेरून मशीनचं नळकांडं रोखायचं आणि बटण दाबायचं. किरण आरपार जातात आणि फिल्मवर दाताची सावली पडते. या किरणांच्या बाबतीत मी भलती कडक होते. ज्याचा फोटो, तो सोडून दुसरं कुणी खोलीत नको. त्याच्या अंगावर शिशाचा जड अ‍ॅप्रन. फिल्म ज्याची त्याने अंगठ्याने धरायची, डॉक्टरने बोट घालायचं नाही. मी स्वतः बटणाची लांब वायर घेऊन जाड भिंतीआड. आणि गरजेपेक्षा एकही फोटो जास्त नाही.

लोकांचं म्हणणं नेमकं उलटं. तिसगावचे एक आजोबा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "बाई, काल तुमी फोटू मारला तवापासनं लई आराम हाय. आज आनखी दोन मारा."

"आजोबा, हा काय शेक आहे का?"

"मंग एक तरी मारा की. एवढ्या लांबनं आलोय."

त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ते रुसले ते रुसलेच. पुढे कुणाला तरी म्हणाले, बाई हुशार हाय पर हात आखडता हाय.

तर अशात, दिवाळी सरल्यावर, भिंगारचे दगडूमास्तर आले. भिंगारमध्ये त्यांचा लग्नाचा बँड होता आणि मास्तर त्यात क्लॅरिनेट वाजवायचे. उंच, सडपातळ माणूस, डोक्याला फेटा, पण वरचा ओठ सुजून पार नाकाला टेकलेला. पुढचा वरचा एक दात काळपट आणि त्याच्यावर हिरडी टम्म फुगलेली. काही वर्षांपूर्वी एका वरातीत नवरदेवाचा घोडा बुजला, मास्तरांना धक्का बसला आणि तोंडातला क्लॅरिनेटच दातावर आदळला होता. दात तेव्हा वरून शाबूत राहिला, आतून मात्र हळूहळू मेला. आता भडकला होता.

"बाई, कायबी करा, पर दात काढू नका," मास्तर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "दुसरीकडं दाखवलं, ते म्हनले काढून कवळी बसवू. आवो, क्लारनेटचं तोंड ह्या दातावर टेकतंय. खालनं व्हट अन वरनं ह्यो दात. ह्यो गेला की हवा फुटती, सूर फाटतो. कवळीवर काय व्हनार? तुळशीची लग्नं लागली की श्रीगोंद्याची वरात धरलीया. कारखान्यातल्या मोठ्या सायबाच्या पोरीचं लगीन हाय. मी न्हाई वाजिवलं तर आमचा बँड म्हंजी नुसता ढोल बडवायचा. म्होरं कोन बोलावतंय मंग?"

मला तर स्फुरणच चढलं! ज्यासाठी मशीन आणलं, तोच दात समोर आला होता. एका मुळाचा, सरळ, पुढचा. मी म्हटलं, "मास्तर, दात राहील. मी सांगते ते सगळं ऐकायचं मात्र."

"ऐकत्यात. मी हाय न्हवं," मागून आवाज आला.

ही त्यांची बायको, सगुणाबाई. ठेंगणी, दणकट, पदर खोचून तयार. भिंगारच्या त्यांच्या आळीत कुणाचाही दात काढायचा असो, डोकं धरायला सगुणाबाईच ठरलेल्या. मी विचारलं, "आजवर किती डोकी धरलीत?"

"मोजली न्हाईत. पर येकबी हाललं न्हाई."

असं म्हणून त्या मास्तरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि कपाळावर तळवे ठेवले. मी म्हटलं, "सगुणाबाई, फोटोच्या वेळी तुम्हाला बाहेर थांबायचंय."

"ते जमायचं न्हाई."

"अहो, मी काही काढत नाहीये. नुसता फोटो आहे."

"असंल. डोकं सोडनार न्हाई." आणि मग त्यांनी कारण सांगितलं. लहानपणी तिसगावच्या बाजारात त्यांच्या वडिलांची दाढ काढताना डोकं धरणारा गडी शेजारी जुंपलेलं भांडण बघायला वळला. हात ढिले झाले, वडिलांनी मान फिरवली, पक्कड सुटली आणि गाल आतून फाटला. माणूस बरा झाला, पण तोंड कायमचं वाकडं राहिलं. "तवापासनं ठरिवलं. आपल्या मानसाचं डोकं आपन धरायचं. कोनावर सोडायचं न्हाई."

पण नियम तो नियम. किरण अंगाला चांगले नसतात, उगाच घेऊ नयेत, असं मी परोपरीने सांगितलं. शेवटी तोंड फुगवून त्या बाहेर गेल्या. मी मास्तरांचा फेटा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला, अ‍ॅप्रन घातला, फिल्म बसवली, भिंतीआड गेले आणि बटण दाबलं. घर्रर्र! झालं.

फिल्म घेऊन मी अंधाऱ्या खोलीत पळाले. ही खोली म्हणजे मागची कोठी, दाराला घोंगडी टांगलेली आणि आत तांबडा दिवा. फिल्म धुण्याचं हे काम म्हणजे डॉक्टरच्या सचोटीची परीक्षा असते, हे बाहेरच्याला माहीत नसतं. थंडीच्या दिवसांत औषध गारठतं, फिल्म फिकी निघते. मग पुष्कळ लोक काय करत? फोटो घेताना किरणच जास्त वेळ सोडत. म्हणजे आळस डॉक्टरचा आणि भुर्दंड पेशंटच्या अंगाला! मी परातीत कोमट पाणी घ्यायची, त्यात औषधाचं भांडं ठेवायची आणि घड्याळ लावून बसायची.

हळूहळू दात दिसायला लागला. मूळ दिसलं. आणि मुळाच्या टोकाशी, जिथे मला पूची जागा बघायची होती नेमकी तिथे, एक पांढरी शुभ्र कडी! मास्तरांच्या वरच्या जबड्यात लोखंड? घोड्याच्या वेळी क्लॅरिनेटचा तुकडा तर आत राहिला नाही? फिल्म दिव्याजवळ धरली. कडीच्या मधून एक फिकट दांडा गेलेला. वरून खाली आलेला, टोकाशी निमुळता. मी बघतच राहिले. बोट होतं ते! अंगठी घातलेलं बोट!

मी ओली फिल्म चिमट्यात धरून तशीच बाहेर आले. "सगुणाबाई! इकडे या!"

त्या आल्या, जमिनीकडे बघत.

"हात दाखवा." उजव्या हाताच्या मधल्या बोटात चांदीची जाड अंगठी. "तुम्ही आत आला होतात."

"म्या?"

"मी भिंतीआड गेले, तुम्ही आत शिरलात, डोकं धरलंत आणि आवाज थांबल्यावर पुन्हा बाहेर. खोटं बोलू नका, फोटोनेच सांगितलंय."

मी त्यांना खिडकीशी नेलं आणि फिल्म उजेडात धरली. त्यांना आधी काहीच उमगेना. मग अंगठी ओळखली. मग त्यांनी आपलं बोट फिल्मशेजारी धरलं आणि अंगठी अंगठीशी जुळवली.

"ह्ये मधी हाय ते... ह्ये माझं हाड हाय?"

"तुमचंच."

"मी जित्ती असताना?"

इतकी मी रागावलेली, पण त्या प्रश्नाने माझा राग निम्मा उतरला. पदराआड हात लपवून त्या उभ्या होत्या. मास्तर खुर्चीतून मान वळवून बघत होते. मी स्टूल ओढलं आणि त्यांना माझ्या सरांची गोष्ट सांगितली. मुंबईला आम्हाला शिकवायचे ते. हात फार सफाईचा. पण त्यांच्या उमेदीच्या काळात कुणाला या किरणांचं नीट भान नव्हतं. पेशंटच्या तोंडातली फिल्म सरळ जावी म्हणून ते स्वतःच्या बोटाने धरायचे, वर्षानुवर्षं. एकेका वेळी काही कळत नाही, चटका नाही, कळ नाही. आधी नखं चिरली, मग कातडी खरबरीत झाली, मग एक जखम झाली ती भरेचना, आणि शेवटी उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. आमच्या वर्गात ते खडू डाव्या हाताने धरायचे.

"मंग मला काय झालं का आता?" सगुणाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही. आजच्या एकाने काही होत नाही, घाबरू नका. पण विचार करा. मास्तरांचे तीन फोटो निघतील आणि संपलं. त्यांना गरज आहे म्हणून मी ते घेते. तुम्ही मात्र आळीतल्या प्रत्येकाबरोबर येणार, प्रत्येकाचं डोकं धरणार. तुमचे किती होतील? आणि कशासाठी?"

त्यांनी बोटातली अंगठी एकदा फिरवली. मग म्हणाल्या, "पटलं. पर डोकं कोन धरनार? ह्ये हालनार बगा. मी वळकते ह्यास्नी. कुटं आवाज झाला की मान तकडं वळती."

"त्ये खरं हाय," मास्तर कबूल झाले. "तुमचं मिशन वाजतंय न्हवं, त्याचा सूर धरू बगत हुतो मी. जरा उतरलेला हाय."

घ्या! एक फोटो बायकोच्या बोटाने वाया गेला, दुसरा कानाने जाणार. आणि वाया गेलेला प्रत्येक फोटो म्हणजे त्यांच्या अंगावर फुकटचा भार. एक आधीच वाढला होता, त्याने मी चडफडत होते. आणखी एक वाया घालवायची माझी तयारी नव्हती. त्यात मास्तरांचा अंगठा भीतीने लटलट कापत होता. तो बघून मी औषधाच्या बाटलीचं एक बूच घेतलं, उकळून काढलं, पात्याने त्याला चीर पाडली आणि चिरेत फिल्म बसवली. म्हटलं, "मास्तर, अंगठा राहू द्या. हे बूच शेजारच्या दातांवर धरा, क्लॅरिनेट धरता तसं. दाबायचं नाही, नुसतं धरायचं."

धरलं की हो! तोंड एकदम स्थिर. तोंडाला सवयच होती ती. आणि मान? तेवढ्यात सगुणाबाईंनी मास्तरांच्या मांडीवरचा फेटा उचलला, झटकला, कपाळावरून घेऊन खुर्चीच्या डोकं टेकायच्या उशीला दोन वेढे मारले आणि मागे गाठ आवळली. मास्तरांचं डोकं खुर्चीला असं बसलं की डोळेच काय ते हलत होते.

"हां. आता म्या धरलंय," त्या म्हणाल्या. "चला बाई, भिताडामागं!" आणि माझ्या आधी स्वतः खोलीबाहेर.

तो फोटो असा निघाला की मी अंधाऱ्या खोलीत एकटीच टाळी वाजवली! मूळ सरळ, टोकाशी हरभऱ्याएवढी काळी जागा. पू तिथे. मी लगेच दात मागून उघडला. सुई आत सरकवली मात्र, पू भसकन बाहेर आला आणि मास्तरांनी जो सुस्कारा सोडला तो रस्त्यावर ऐकू गेला असेल. दोन दिवसांत ओठ उतरला.

त्या दिवशी संध्याकाळी मी समोरच्या भिंतीवर एक आरसा टांगला. भिंतीआडून पेशंट दिसायला हवा, कोण आत शिरतंय हे कळायला हवं. इतकी साधी गोष्ट कॉलेजात कुणी सांगितली नव्हती, कारण तिथे कुणी डोकं धरायला येतच नव्हतं.

पुढच्या खेपेचं काम खरं नाजूक होतं. सुई आत ठेवून फोटो. सुई चुकून घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधलेला, त्याचं टोक तोंडाबाहेर. फेटा, बूच, अ‍ॅप्रन, सगळं बैजवार. बटण दाबलं आणि नेमके दिवे मिणमिणले! विजेचा दाब उतरला होता. आता फिल्म फिकी निघणार, हे ठरलेलं. सोपा मार्ग म्हणजे दिवे सुधारेपर्यंत थांबून दुसरा फोटो. पण मास्तरांचा एक आधीच जास्तीचा झाला होता. मी ठरवलं, आहे त्याच फिल्ममधून काढता येईल तेवढं काढायचं. औषधात जरा जास्त वेळ ठेवली आणि मग भिंग लावून खिडकीशी बसले. अंधुक होती. पण सुईचं टोक दिसत होतं! मुळाचं टोकही दिसत होतं! मधे जोंधळ्याच्या दाण्याच्या निम्म्याएवढी जागा राहिली होती. तेवढी वाढवून मी काम पुढे नेलं. सगुणाबाई दारातून ओरडल्या, "जमलं का?" मी म्हटलं, "जमलं!" आणि आम्ही दोघी हसलो. कशाला ते मास्तरांना कळेना, कारण त्यांचं डोकं अजून बांधलेलंच होतं.

मग नळी कोरडी झाली, भरली, शेवटचा फोटो घेतला. भरण टोकापर्यंत नीट पोचलेलं. त्या दिवशी मी मास्तरांना ऐटीत सांगितलं, "शीर पार काढून टाकली. आता हा दात मेलेला आहे, कधी दुखणार नाही. चार दिवस दम धरा, मग खुशाल वाजवा." हे सांगताना मी काय करून ठेवतेय, याची मला कल्पना नव्हती.

या मधल्या काळात भिंगारहून माझ्याकडे येणाऱ्यांची तऱ्हाच बदलली. सगुणाबाई त्यांच्याबरोबर यायच्याच. पण आता खोलीच्या दारात पदर खोचून उभ्या राहायच्या. "फोटूच्या वक्ताला समदे भाईर! तू कोन? मामा हायेस? मामा बी भाईर! हाड बगायचंय का सोताचं?" कुणाची टाप होती आत शिरायची! मी घसा फोडून जे जमवू शकले नव्हते, ते त्यांनी एका बोटाच्या बळावर जमवलं. ती अंगठीची फिल्म मी घाईत नीट धुतली नव्हती, वर्ष-दोन वर्षांत तपकिरी होऊन गेली. त्याची हळहळ आहेच. त्याहून मोठी हळहळ त्या दातांची, जे लोकांनी माझ्यावर विश्वास नाही म्हणून त्या काळात काढून टाकायला लावले. वाचले असते हो ते.

पण मास्तरांचं सांगते. श्रीगोंद्याची वरात दोन दिवसांवर आली आणि सकाळी सकाळी सगुणाबाई धापा टाकत आल्या. मागे मास्तर, हातात क्लॅरिनेटची पेटी, मान खाली. बाहेर रस्त्यावर बँडची दोघं-तिघं माणसं उभी.

"बाई, ह्ये वाजवंनात!"

"दुखतंय?"

"न्हाई."

"सूज?"

"न्हाई. तोंडालाच लावंनात. पेटी उगडत्यात अन मिटत्यात."

मी मास्तरांना खुर्चीत बसवलं. विचारलं, तेव्हा कुठे बोलले. "बाई, तुमी लई केलं. पर तुमीच म्हनलात, दात मेला. आवो, लोकास्नी वाटतं सूर कानानं ऐकत्यात. क्लारनेट वाजिवनाऱ्याला सूर आदी दातात येतो. दातातनं डोस्क्यात. कानाला मागनं. ढोल-ताशाच्या दनक्यात कानाला काय ऐकू येतंय? दातानंच कळतंय सूर लागला का न्हाई. आता मेल्या दातातनं काय यायचं? लावलं अन कायबी आलं न्हाई, तर मंग? न लावल्यालं बरं. आस तरी ऱ्हाती."

सगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला रडूही आलं आणि स्वतःचा रागही. मेलेला! काय गरज होती तो शब्द वापरायची? मी त्यांची शेवटची फिल्म काढली आणि खिडकीशी धरली.

"मास्तर, हे बघा. ही मुळाच्या आतली नळी, इथली शीर गेली. गारठा, गोडाची कळ, एवढंच त्या शिरेला कळायचं. पण मुळाच्या भोवती ही बारीक काळी रेघ दिसते? दात आणि हाड यांच्या मधला पातळ पडदा आहे तो. दाताला धक्का लागला, काही आदळलं, थरारलं, हे सगळं त्या पडद्याला कळतं. त्याला मी हात लावलेला नाही. म्हणून तर सुई कुठे थांबते ते बघायला फोटो घेत होते. तो जिवंत आहे."

मास्तरांनी फिल्म बघितली, माझ्याकडे बघितलं. पटल्याचं काही दिसेना. मी तोंडात बघायचा छोटा आरसा उचलला आणि म्हटलं, "डोळे मिटा. तोंड उघडा." आरशाच्या दांडीने त्या दातावर अगदी हळू टकटक केलं.

मास्तरांच्या भुवया वर गेल्या.

"कळलं?"

"कळलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मेल्याला कसं कळलं मग?"

त्यांनी डोळे उघडले. पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडला, ओठांवरून जीभ फिरवली. बाकावरचा एक पेशंट गाल धरून उठून दारात आला. मास्तरांनी क्लॅरिनेटचं तोंड दातावर टेकवलं, ओठ मिटला आणि थांबले. मला वाटलं, आता पुन्हा पेटीत ठेवणार.

मग फुंकलं. एक सूर, हलका, चाचपडणारा. थांबले. पुन्हा तोच सूर, आता जरा भरून. आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला की काय सांगू! क्लॅरिनेट तोंडातून काढून ते ओरडलेच, "येतंय! सगुना, येतंय गं! पार डोस्क्यापोतर येतंय!"

"मंग वाजवा की!" सगुणाबाई रडत रडत खेकसल्या. "बगताय काय?"

आणि मास्तर जे सुटले! खुर्चीतून उठून वाजवत, दारातून वाजवत, पायऱ्या उतरून भर रस्त्यात. बँडच्या माणसांनी शिट्ट्या घातल्या. समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला, टांगेवाल्याने टांगा थांबवला, गाल धरलेला पेशंट गाल सोडून बघत होता. मी डॉक्टर ना, मी पायरीवर उभी राहून ओरडत होते, "अहो मास्तर, पुरे! आजच्यापुरतं एवढं बास! दाताला जरा विश्रांती द्या!"

ओरडत होते खरी. पण मनातून एकच घोकत होते, वाजवा मास्तर, थांबू नका, वाजवा.